न मावणाऱ्याची ओळख : ख्रिस्ती ईश्वरविचारात प्रवेश करताना

चौथ्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपल हे रोमन साम्राज्याच्या पूर्वभागाचे गजबजलेले राजधानीचे शहर होते. 383 साली तिथे दिलेल्या एका प्रवचनात निसा या लहानशा गावचा बिशप ग्रेगरी तक्रार करतो, की इथे सुटे पैसे मागावेत तर सराफ पिता आणि पुत्र यांच्या उत्पत्तीवर बोलू लागतो, पावाचा भाव विचारावा तर पिता थोर आणि पुत्र त्याच्या खालचा असे ऐकावे लागते, आणि स्नानगृहात पाणी तापले का म्हणून चौकशी करावी तर पुत्र शून्यातून निर्माण झाला असे उत्तर मिळते. ग्रेगरीला या बोलण्याचा उबग आला होता. देवाविषयी ही माणसे ज्या खात्रीने बोलत होती, ती खात्रीच त्याला धोक्याची वाटत होती. त्याच्या तक्रारीतून आज आपल्याला आणखी एक गोष्ट कळते. मर्यादित बुद्धीच्या माणसाला अमर्याद देव कळतो का, आणि कळतो म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न त्या काळी मठांपुरता राहिलेला नव्हता. तो बाजारात पोहोचला होता.

या प्रश्नाभोवती सुमारे सतराशे वर्षे चाललेल्या विचाराच्या दारात वाचकाचे स्वागत करावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. वाचक ख्रिस्ती असो वा नसो, श्रद्धावान असो वा नसो, आत येण्यासाठी त्याला कसलाही परवाना लागत नाही. प्रश्न मनापासून पडलेला असला की पुरे. मात्र एक समजूत दाराबाहेर ठेवून यावे. अनेकांना वाटते, की ख्रिस्ती धर्माने हा प्रश्न 'देव बुद्धीला कळत नाही, म्हणून विश्वास ठेवा' एवढे सांगून मिटवला आहे. परंपरेतले ग्रंथ उघडले की नेमके उलटे दिसते. देव बुद्धीत मावत नाही असे ज्यांनी सर्वांत ठामपणे सांगितले, त्यांनीच देवाविषयी सर्वांत अधिक, सर्वांत काटेकोर आणि सर्वांत उत्कट लिहिले. न मावण्याची जाणीव हे त्यांच्या विचाराचे प्रस्थान होते. हे कसे घडले हे समजणे म्हणजेच या क्षेत्राचा गाभा समजणे, असे मला वाटते.

सुरुवात कुठून करावी? पाठ्यपुस्तके सहसा तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसपासून करतात. मी वाचकाला आधी चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या कॅपाडोशिया प्रांतात नेईन, आणि पहिली भेट हरलेल्या बाजूशी घडवीन. युनोमियस हा कॅपाडोशियाचाच, साध्या घरातला, तर्कात विलक्षण तरबेज माणूस. 360 च्या सुमारास त्याने मांडलेला युक्तिवाद थोडक्यात असा : देव कोणापासूनही जन्मलेला नाही. हे अजन्मेपण आपण त्याला चिकटवलेले विशेषण नसून तेच त्याचे सत्त्व आहे. देव निरवयव आहे, त्यामुळे त्याचा एक भाग कळला आणि दुसरा राहिला असे होऊ शकत नाही. म्हणून ज्याला अजन्मेपण कळले त्याला देवाचे सत्त्वच कळले. आणि पुत्र, म्हणजे ख्रिस्त, जन्मलेला असल्यामुळे त्याचे सत्त्व पित्याहून वेगळे ठरते. देवाला स्वतःविषयी जेवढे ठाऊक आहे तेवढेच आम्हालाही ठाऊक आहे, असे युनोमियस म्हणत असे, अशी नोंद पुढच्या शतकातल्या सॉक्रेटीस नावाच्या इतिहासकाराने केली आहे. ही नोंद विरोधी गटाकडून आलेली आहे, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी. 398 साली राजाज्ञेने युनोमियसच्या पंथाचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला. तरी त्याचे एक मुख्य पुस्तक वाचले आहे आणि ते जरूर वाचावे.

ते वाचल्यावर कळते, की युनोमियसची काळजी खरी होती. तुम्ही ज्याची उपासना करता तो तुम्हाला माहीत आहे की नाही, असा त्याच्या पक्षाचा सवाल असे. माहीत आहे म्हणाल तर त्याचे सत्त्व सांगा. माहीत नाही म्हणाल तर ज्याची ओळखच नाही त्याच्यापुढे गुडघे टेकता कशाला? आजही एखादा विचारी तरुण चर्चच्या पायरीवर हाच सवाल करू शकतो, आणि त्याला उडवाउडवीचे उत्तर देणे हा त्याचा अपमान ठरेल.

कैसरियाचा बेसिल हा ग्रेगरीचा थोरला भाऊ. त्याने आपल्या एका पत्रात या सवालाची उकल केली आहे. जाणणे एकाच प्रकारचे नसते, असे तो दाखवतो. देवाचे सामर्थ्य, शहाणपण, चांगुलपणा, तो घेत असलेली आपली काळजी हे सारे आपण जाणतो. त्याच्या कृती आपल्यापर्यंत उतरून येतात, पण त्याचे सत्त्व आपल्या आवाक्याबाहेर राहते. त्यापूर्वी, 364 च्या सुमारास, युनोमियसविरुद्ध लिहिताना त्याने आणखी एक मर्मावर बोट ठेवणारा प्रश्न विचारला होता : पायाखालच्या जमिनीचे सत्त्व तरी तुला सांगता येते का? तिचा रंग, वजन, कठीणपणा सांगता येईल. पण या गुणांखालची ती मुळात काय आहे? जिथे माती पूर्णपणे हाती येत नाही, तिथे तिच्या निर्मात्याला एका शब्दात बसवण्याचा हट्ट कशासाठी? हा नुसता मोघम विनय नाही. आपले सगळेच ज्ञान गुण आणि परिणाम यांच्या वाटेने येते, हा बेसिलचा ज्ञानमीमांसेतला दावा आहे, आणि देवाचे ज्ञान त्याला अपवाद नाही.

बेसिल वारल्यावर हा वाद धाकट्या ग्रेगरीने हाती घेतला, आणि 380 नंतरच्या काही वर्षांत जे लिहिले त्याने युरोपीय विचाराची एक जुनी चौकट मोडली. ग्रीक तत्त्वज्ञांना अनंत हा शब्द फारसा आवडत नसे. ज्याला सीमा नाही त्याला आकार नाही, ज्याला आकार नाही ते अपुरे, असा त्यांचा रोख. पूर्णत्व म्हणजे नेमकी सीमा. तिसऱ्या शतकातला थोर ख्रिस्ती पंडित ओरिगेन याच्यावरही या विचाराची छाया होती. देवाची शक्ती सीमित असली पाहिजे, नाहीतर ती त्याला स्वतःलाही कळणार नाही, असे त्याने सुचवले होते. ग्रेगरीने ही दिशाच फिरवली. चांगुलपणाला सीमा पडते ती त्याच्या विरोधी गोष्टीमुळे, जशी जीवनाला मृत्यूमुळे. देवात त्याच्या चांगुलपणाला विरोध करणारे काहीच नाही. मग त्या चांगुलपणाला काठ कुठून येणार? अनंतत्व हे आता अपुरेपण उरले नाही, ते पूर्णत्वाचेच नाव झाले. युनोमियसने 'अजन्मा' हे देवाचे पहिले लक्षण मानले होते. त्या जागी ग्रेगरीने 'अनंत' आणून बसवले, आणि त्याबरोबर ज्ञानाचा अर्थही बदलला.

तो बदल पाहायचा तर त्याने उतारवयात लिहिलेले 'मोशेचे चरित्र' वाचावे. मोशेला प्रथम पेटत्या झुडपात देव भेटला, तिथे प्रकाश होता. मग तो मेघात भेटला. शेवटी सीनाय पर्वतावर मोशे दाट अंधारात शिरला, आणि देव तिथे होता. सामान्य अपेक्षा अंधाराकडून प्रकाशाकडे जाण्याची. ग्रेगरी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकातला क्रम तसाच धरून उलटी चाल दाखवतो : जवळ जावे तसे कळत जाते, की आपण पाहिले त्याहून तो मोठा आहे. पुढे मोशे देवाचे मुख पाहण्याची विनवणी करतो आणि त्याला केवळ पाठ दिसते. वाचणाऱ्याला ही मोशेची निराशा वाटते. ग्रेगरी विचारतो, पाठ कोणाला दिसते? जो मागोमाग चालतो त्याला. म्हणून मोशेची विनवणी नाकारली गेली आणि पुरीही झाली. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात पौल पुढच्या गोष्टींकडे झेपावत राहण्याविषयी बोलतो. तो धागा घेऊन ग्रेगरी म्हणतो, की देवाची ओळख ही न संपणारी वाढ आहे. प्रत्येक प्राप्तीने मनाची धारणाशक्ती वाढते आणि तिच्याबरोबर ओढही वाढते. हे स्वर्गातही थांबत नाही. मानवी बुद्धीची मर्यादा इथे रडगाणे होत नाही, कारण मर्यादा वाढू शकते आणि देव संपत नाही. या क्षेत्रातला माझ्या मते हा सर्वांत मोठा विचार आहे. पुढच्या शतकांतला बराचसा ऐवज त्याच्याच उजेडात वाचता येतो.

त्याच पिढीत नाझियान्झसच्या ग्रेगरीने 380 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये दिलेली पाच व्याख्याने आणि जॉन क्रिसोस्टमने 386 पासून अँटिऑकमध्ये दिलेली अगम्य देवावरची प्रवचने येतात. क्रिसोस्टमची प्रवचने साध्या श्रोत्यांसाठी होती. यशयाच्या दर्शनातले देवदूतसुद्धा तोंड झाकून घेतात, मग तुम्ही आम्ही इतके निर्धास्त कसे, हा त्याचा प्रश्न.

इथपर्यंत ही चर्चा कुठल्याही एकेश्वरवादी तत्त्वज्ञानात शोभली असती. ख्रिस्ती विचाराची खरी अडचण, आणि खरे धाडस, देहधारणात, म्हणजे देव येशूच्या रूपाने माणूस झाला या श्रद्धेत आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभीचा भाग एकाच दमात दोन गोष्टी सांगतो : देवाला कोणी कधी पाहिलेले नाही, आणि पुत्राने त्याला प्रकट केले आहे. पुढे फिलिप्प हा शिष्य पिता दाखवण्याची मागणी करतो तेव्हा येशू त्याला स्वतःकडेच पाहायला सांगतो. म्हणजे जो कशातच मावत नाही तो गालीलात भुकेला होतो, थकतो, आणि एका रोमन सुभेदाराच्या हुकमाने क्रुसावर मरतो. देव सोपा झाला, आता कळला, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. उलट गूढ अधिक गडद होते, कारण आता ते आपल्याच चेहऱ्याने समोर उभे राहते. 451 सालच्या खाल्सेदोनच्या धर्मसभेने ख्रिस्ताच्या दैवी आणि मानवी स्वभावांविषयी जे सूत्र ठरवले, त्याचा कणा चार नकारांचा आहे. दोन्ही स्वभाव एकमेकांत मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागले जात नाहीत, विलग होत नाहीत. ते जोडले कसे गेले हे सूत्र सांगत नाही. कुठे चुकू नये एवढे ते सांगते आणि बाकी जागा उपासनेसाठी मोकळी ठेवते.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना 'नेति नेति' आले असेल, आणि निर्गुण-सगुणाची आपल्या संतांनी घडवलेली भाषाही. ते येऊ द्यावे. अशा वाचकाला या ग्रंथांतली नकाराची वाट परकी वाटत नाही, हा त्याचा मोठा लाभ आहे. पण दोन्ही एकच म्हणून घाईने मोकळे होऊ नये. निर्माता आणि निर्मित यांच्यातले अंतर ख्रिस्ती परंपरा शेवटपर्यंत पुसत नाही. ज्ञाता आणि ज्ञेय एक होऊन प्रश्नच विरघळतो, ही अद्वैताची उकल तिला घेता येत नाही. या सरहद्दीवर आपल्याच भाषेचे लोक उभे राहिलेले आहेत. 1616 साली गोव्यात राशोल येथे छापून निघालेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' ही सारी कथा मराठी ओवीत सांगते. देवाच्या अगाधपणाचे स्तवन आणि येशूचे चरित्र तिथे एकाच छंदात येते. दोन शतकांनंतर काशीच्या विद्यापरंपरेत वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे 1848 साली ख्रिस्ती झाले, नेहेम्या गोरे म्हणून ओळखले गेले, आणि 1860 सालच्या 'षड्दर्शनदर्पण' या हिंदी ग्रंथात त्यांनी वेदान्ताच्या निर्गुण ब्रह्मावर तर्काच्या अंगाने हरकती घेतल्या. त्यांचे सगळे युक्तिवाद आज टिकतील असे मला वाटत नाही. वेदान्ताची बाजू त्यांनी पुरेशा सहानुभूतीने मांडली असेही नाही. पण त्यांच्या हरकतींमागची भीती ओळखीची आहे : सगळेच नाकारत गेलो तर प्रार्थना कोणाची करायची?

हीच भीती तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसला जाणवली होती. त्याच्यापुढे होता बाराव्या शतकातला महान ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदीज. देव जिवंत आहे असे म्हणताना आपण फक्त तो निर्जीव वस्तूंसारखा नाही एवढेच म्हणतो, असे मैमोनिदीजचे मत. थॉमस त्याला मानतो, पण इथे अडतो. देवाविषयी बोलणाऱ्या माणसाला याहून अधिक काही म्हणायचे असते, असे तो 'सुम्मा थिऑलॉजिए'च्या पहिल्या भागातल्या तेराव्या प्रश्नात लिहितो. मग देवाला चांगला म्हणताना तो शब्द आपण माणसाला लावतो त्याच अर्थाने लावतो का? तसे म्हटले तर देव आपल्यातलाच एक मोठा नमुना ठरतो. पूर्ण वेगळ्या अर्थाने लावतो म्हटले तर बोलण्याला काही अर्थच उरत नाही. थॉमस मधली वाट काढतो, ती सादृश्याची. निरोगी हा शब्द शरीरालाही लागतो आणि औषधालाही. अर्थ एकच नाही, पण असंबद्धही नाही, कारण औषध आरोग्य घडवते. चांगुलपणा मुळात देवाचा आहे आणि निर्मित वस्तूंत तो त्याच्याकडून आलेला आहे. म्हणून शब्द खरा लागतो. मात्र आपण तो शिकलो निर्मित वस्तूंकडून, त्यामुळे आपली म्हणण्याची रीत नेहमी तोकडी राहते.

त्याच्या आधीचा बारावा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि नवखा वाचक तो नेमका ओलांडून जातो. स्वर्गात धन्य झालेल्यांना देवाचे दर्शन होते, पण तिथेही ते त्याला संपूर्ण व्यापू शकत नाहीत, असे थॉमस म्हणतो. देवाचा काही भाग दिसतो आणि काही झाकलेला राहतो असे नाही, कारण देवाला भागच नाहीत. पाहणाऱ्यासमोर सगळा देव असतो, पण देव जितका ज्ञेय आहे तितके जाणण्याची शक्ती पाहणाऱ्यात कधीच येत नाही. युनोमियसच्या निरवयवतेच्या युक्तिवादाला हे नऊ शतकांनंतरचे उत्तर आहे. डिसेंबर 1273 मध्ये थॉमसने लेखणी खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही आणि तीन महिन्यांत तो वारला. त्या मौनावरून त्याचे सगळे लेखन व्यर्थ ठरवण्याची प्रथा मला पटत नाही. देव काय आहे हे आपल्याला कळू शकत नाही, काय नाही एवढेच कळते, हे त्याने 'सुम्मा'च्या पहिल्या पानांतच लिहून ठेवले होते.

1308 साली वारलेला जॉन डन्स स्कोटस थॉमसची ही वाट नाकारतो, आणि त्याचे ऐकलेच पाहिजे. देव आणि माणूस या दोघांना लागू पडेल असा एकही समान अर्थ शब्दात नसेल, तर देवाविषयीचा कुठलाही युक्तिवाद मध्येच अर्थ बदलतो आणि कोसळतो. म्हणून 'असणे' ही संकल्पना दोघांना समान आहे असे तो म्हणतो. फरक पडतो तो असण्याच्या तीव्रतेत : देवाचे असणे अनंत, आपले सान्त. यामुळे देव आणि विश्व एकाच मापात आले अशी तक्रार आजही अनेक विद्वान करतात. मला ती अन्यायकारक वाटते. स्कोटसने तर्काची इमानदारी राखली, एवढे तरी मान्य करावे.

पूर्वेकडच्या चर्चमध्ये धागा वेगळा विणला गेला. सुमारे 500 साली, बहुधा सीरियात, डायोनिसियस या टोपणनावाने लिहिणाऱ्या अज्ञात लेखकाने होकार आणि नकार दोन्हींच्या पलीकडे जाणारी छोटी, घनदाट पुस्तके लिहिली. चौदाव्या शतकात अॅथोस पर्वतावरच्या संन्याशांची बाजू घेत ग्रेगरी पालामासने देवाचे अगम्य सत्त्व आणि त्याच्या अनुभवाला येणाऱ्या शक्ती यांच्यातला भेद सिद्धान्ताच्या पातळीवर नेला. बेसिलच्या पत्रातले बीज तिथे वृक्ष झाले. पश्चिमेकडे क्यूसाच्या निकोलसने 1440 साली गणित हाताशी धरले. वर्तुळात काढलेल्या बहुभुजाकृतीच्या बाजू कितीही वाढवल्या तरी तिचे वर्तुळ होत नाही, पण प्रत्येक बाजूने ती जवळ मात्र येते. गणिताचे हे नाते पुढेही टिकले. अनंत संच मोजणाऱ्या गेऑर्ग कांटोर यांनी 1885-86 मध्ये कार्डिनल फ्रान्झेलिन यांच्याशी पत्रव्यवहार करून आपले गणिती अनंत आणि देवाचे निरपेक्ष अनंत यांत फरक राखला होता. त्याआधी, सोळाव्या शतकातल्या सुधारणायुगात, प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनने भर दिला तो देवाच्या खाली वाकण्यावर. देवच आपल्या आवाक्याला बेतून बोलतो, म्हणून पवित्र शास्त्रात त्याला हात आणि डोळे आहेत. विसाव्या शतकात प्रोटेस्टंट विचारवंत कार्ल बार्थने 1932 साली थॉमसच्या परंपरेतल्या सादृश्यविचारावरच कडाडून हल्ला चढवला. त्याच वर्षी जेझुइट विचारवंत एरिख प्शिवाराचा त्या विचाराचे समर्थन करणारा मोठा ग्रंथ निघाला. तो वाद अजून शमलेला नाही.

एका गैरवापराविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. देव अगम्य आहे, हे वाक्य दुःखात बुडालेल्या माणसाचे तोंड बंद करायला वापरले जाते. मूल गेलेल्या आईला देवाच्या योजना आपल्याला कळत नाहीत असे सांगून निघून जाणारे लोक मला या परंपरेचे वारस वाटत नाहीत. ईयोबाच्या पुस्तकात देवाची बाजू घेऊन सारे काही समजावून देणाऱ्या मित्रांवरच देवाचा कोप होतो. तक्रार करणाऱ्या ईयोबाविषयी मात्र तो नीट बोलला असा निर्वाळा मिळतो. अगम्यतेचा सिद्धान्त प्रथम स्पष्टीकरणे विकणाऱ्याला गप्प करतो, विव्हळणाऱ्याला नाही. याच सिद्धान्ताच्या आधारे ईश्वरविद्येच्या अभ्यासक एलिझाबेथ जॉन्सन यांनी 1992 साली आपल्या 'शी हू इज' या पुस्तकात विचारले, की देव कुठल्याही नावात मावत नाही तर केवळ पुरुषवाचक नावांनाच शेवटचा अधिकार कसा? या प्रश्नाने अनेकांना अस्वस्थ केले, आणि तो अजून चर्चेत आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांचा प्रश्नही असाच उघडा आहे. देवाची ओळख बुद्धीच्या मापाने मोजायची नसेल, तर त्यांची ओळख आपल्याहून कमी कशी म्हणायची? यावर पुरेसे लिहिले गेलेले नाही. कदाचित या ओळी वाचणाऱ्यांपैकीच कोणी लिहील.

वाचनाला सुरुवात करायची तर निसाच्या ग्रेगरीचे 'मोशेचे चरित्र' आधी घ्यावे, आणि मग 'सुम्मा'तले ते दोन प्रश्न सावकाश वाचावेत. त्यानंतर कँटरबरीचा अन्सेल्म घ्यावा. त्याचे 'प्रोस्लोगियोन' 1077-78 चे, अगदी छोटे, आणि मुख्यतः देवाला उद्देशून बोललेले. तत्त्वज्ञानाच्या वर्गात त्याचे दुसरे प्रकरण तेवढे शिकवतात. ज्याहून मोठे काही कल्पिताच येत नाही तो देव, आणि म्हणून तो असलाच पाहिजे, हा प्रसिद्ध युक्तिवाद तिथे आहे. विद्यार्थी त्याचे खंडन-मंडन करून पुस्तक मिटतात. ते मिटू नये. पंधराव्या प्रकरणापर्यंत जावे. तिथे अन्सेल्म देवालाच सांगतो, की तू कल्पनेत येऊ शकेल त्याहूनही मोठा आहेस. आधीच्या युक्तिवादाचा एकही शब्द तो मागे घेत नाही, आणि प्रार्थना चालू ठेवतो.